सिझरच्या टाक्यांची सोनोग्राफी: कधीची पैसे वसूल, कधीचा नुसता आकडा

'टाके पातळ झालेत.' पहिलं सिझर झालेल्या बाईला दुसऱ्या खेपेस आठव्या-नवव्या महिन्यात हे हमखास ऐकायला मिळतं. त्यामागे बहुतेक वेळा सोनोग्राफीच्या रिपोर्टातली एकच ओळ असते: 'स्कार थिकनेस (व्रणाची जाडी) २.४ मिमी'. कुठून कुठपर्यंत मोजली, पोटावरून की खालून (योनिमार्गातून), मूत्राशय किती भरलेलं होतं, यातलं काही नसतं. आणि त्या ओळीवर सिझरची तारीख ठरते.

ही तपासणी विकत घेणाऱ्यांची संख्या लहान नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात सिझरचं प्रमाण २५.४ टक्के आणि गोव्यात ३९.५ टक्के निघालं. देशभरातल्या खासगी दवाखान्यांत ४७.४ टक्के. यातल्या ज्या बाया पुन्हा गरोदर राहतात त्या सगळ्या या सेवेच्या गिऱ्हाईक. तपासणीचं नाव एक असलं, तरी ती तीन वेगळ्या वेळी, तीन वेगळ्या प्रश्नांसाठी होते. सगळ्यात उपयोगाची जी, ती फारशी कुणी मागत नाही. सगळ्यात जास्त खपते ती सगळ्यात लंगडी.

आधी शब्दाचा घोळ. 'टाके' म्हणतात खरे, पण दुसऱ्या गरोदरपणात पिशवीवर टाके उरलेलेच नसतात. सिझरला वापरतात तो धागा विरघळणारा, दोन-तीन महिन्यांत संपतो. मशीन मोजतं ते तिथे भरून आलेलं मांस आणि व्रण. ओटीपोटाच्या कातडीवरची खूण तर अगदीच वेगळी. ती जाड, उठावदार, खाजरी असली म्हणून आतला व्रण वाईट नसतो, आणि वरची खूण सुबक असली म्हणून आतला चांगला नसतो. वरचा छेद आडवा आहे म्हणून आतलाही आडवाच असेल, असंही धरायचं नाही. आत उभा छेद पिशवीच्या वरच्या भागापर्यंत गेला असेल, तर नॉर्मलचा प्रयत्न करायचा नसतो, मग सोनोग्राफीत आकडा कितीही छान येवो. कारण मशीन मोजतं पिशवीचा खालचा भाग आणि तो व्रण असतो वर. म्हणून या तपासणीला नेण्याची पहिली वस्तू म्हणजे मागच्या सिझरचं डिस्चार्ज कार्ड. त्यावर 'एलएससीएस' (म्हणजे पिशवीच्या खालच्या भागात छेद घेऊन केलेलं सिझर) लिहिलेलं आहे का, छेद वाढवावा लागला होता का, सिझर कळांमध्ये झालं की आधी ठरवून, हे चार शब्द नवव्या महिन्यातल्या मिलिमीटरपेक्षा जास्त सांगतात. कार्ड हरवलं असेल तर जुन्या दवाखान्यातून केसपेपरची प्रत काढून आणावी. हेलपाटा वाया जात नाही.

सहावा-सातवा आठवडा: पाचपैकी पाच

पाळी चुकली, घरी टेस्ट केली, दोन रेघा आल्या. सिझर झालेल्या बाईने इथून तीन आठवडे थांबायचं नाही. सहा ते सात आठवड्यांत खालून, म्हणजे टीव्हीएस सोनोग्राफी करून घ्यायची, आणि चिठ्ठीवर 'प्रीव्हियस एलएससीएस, रूल आउट स्कार प्रेग्नन्सी' असं लिहून घ्यायचं. प्रश्न एकच असतो: गर्भाची थैली कुठे रुजली आहे?

कधीकधी गर्भ गर्भाशयाच्या पोकळीत वर न रुजता खाली, पुढच्या भिंतीतल्या जुन्या व्रणावर किंवा व्रणाच्या खाचेत रुजतो. प्रमाण साधारण दोन हजारांत एक, पण परिणाम भयंकर: गर्भ वाढला तर वार (प्लॅसेंटा) स्नायूत घुसते, कधी मूत्राशयापर्यंत जाते. पडद्यावर काय पाहायचं ते ठरलेलं आहे. पिशवीची वरची पोकळी रिकामी, गर्भाशयमुखाची नळी रिकामी, गर्भाची थैली पुढे मूत्राशयाला लगटून खाली, आणि थैली व मूत्राशय यांच्यामधला स्नायू पातळ किंवा जवळजवळ नाहीच. कलर डॉपलर लावला की त्याच जागी रक्तप्रवाहाचा गुंता दिसतो.

इथे दोन गोष्टी वारंवार चुकतात. पहिली म्हणजे उशीर. आठ-नऊ आठवड्यांनंतर थैली वाढून वर पोकळीत सरकते आणि चित्र अगदी साधं दिसायला लागतं. रिपोर्टात 'सिंगल लाइव्ह इंट्रायूटेराइन प्रेग्नन्सी' (गर्भाशयात एक जिवंत गर्भ) लिहिलं जातं, बाळाचे ठोके छान असतात, सगळे खूश. मूळ मात्र व्रणातच असतं, ते आता झाकलं गेलेलं. दुसरी चूक म्हणजे ही थैली गर्भपात होत असताना खाली आलेली समजणं. तपासायला युक्ती सोपी आहे: प्रोबने हलका दाब दिला तर सुटलेली थैली सरकते, व्रणात रुजलेली सरकत नाही, आणि सुटलेल्या थैलीभोवती रक्तप्रवाह नसतो. हा फरक न करता क्युरेटिंग केलं तर रक्तस्राव आवरणं कठीण जातं. म्हणूनच सिझर झालेल्या बाईने सोनोग्राफी न करता मेडिकलमधून गोळ्या आणून गर्भपात करणं जास्तच धोक्याचं. गर्भ नको असेल तरी ही तपासणी चुकवायची नाही.

चांगल्या रिपोर्टात काय असतं? थैलीची जागा, थैलीपासून मूत्राशयापर्यंत उरलेल्या स्नायूची जाडी मिलिमीटरमध्ये, पोकळी व मुखाची नळी रिकामी आहे का, डॉपलरमध्ये काय दिसलं. आणि सगळं ठीक असेल तेव्हाही एक ओळ: 'थैली वरच्या भागात, व्रणापासून दूर'. ही ओळ नसेल तर तिथेच, निघण्याआधी, विचारावं. दोन मिनिटांचं काम आहे. पाळीची तारीख पक्की नसेल आणि सहाव्या आठवड्यात काहीच नीट दिसलं नाही तर आठ-दहा दिवसांनी पुन्हा बोलावणं योग्यच आहे. त्याला उगाच पैसे काढणं म्हणता येणार नाही.

पाचवा महिना: वार कुठे बसली

अठरा ते वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीला सगळं घर येतं, कारण बाळाचे हात-पाय-हृदय दिसतं. सिझर झालेल्या बाईसाठी त्याच बैठकीत आणखी एक प्रश्न असतो: वार पुढच्या भिंतीला खाली, व्रणावर बसली आहे का? वार वर किंवा मागे असेल तर हा विषय तिथेच संपला.

वार खाली असून गर्भाशयाच्या तोंडावर आली असेल, आणि आधी सिझर असेल, तर मामला गंभीर. अमेरिकेतल्या एका मोठ्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वार तोंडावर असलेल्यांमध्ये ती स्नायूत रुतून बसण्याचं प्रमाण असं निघालं: पहिल्याच सिझरच्या वेळी ३ टक्के, दुसऱ्याच्या वेळी ११, तिसऱ्याच्या वेळी ४०, चौथ्याच्या वेळी ६१. आकडे कसे चढत जातात ते पाहावं. 'तिसरंही सिझरच करू, त्यात काय' असं सहज म्हणणाऱ्यांनी हे चार आकडे एकदा वाचलेले बरे.

अशा वेळी साधा रिपोर्ट चालत नाही. मूत्राशय बऱ्यापैकी भरून, पोटावरून आणि खालून, दोन्ही बाजूंनी पाहायचं. वार तोंडावर असताना खालून सोनोग्राफी केल्याने रक्तस्राव होतो ही भीती घरोघरी आहे; प्रोब गर्भाशयमुखाच्या आत जात नाही, काळजीपूर्वक केली तर ती सुरक्षित असते. रिपोर्टात पाहायच्या खुणा: वारेमागची काळी बारीक पट्टी टिकून आहे का, वारेत वेडेवाकडे पोकळ खड्डे आहेत का, मूत्राशयाची पांढरी रेघ अखंड आहे का, वार बाहेर फुगून आली आहे का, मधल्या जागेत रक्तवाहिन्यांचं जाळं आहे का. ३२ आठवड्यांच्या सुमारास हेच पुन्हा. शंका राहिली तर रक्तपेढी, युरॉलॉजिस्ट आणि नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयात नाव घालायचं, आणि ते प्रसूतीच्या आदल्या आठवड्यात नव्हे, महिनाभर आधी. एमआरआय इथे दुसऱ्या फळीचं साधन आहे, वार मागे असेल किंवा बाजूला घुसल्याची शंका असेल तेव्हा कामाचं. पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो अशासाठी की तपासणी उत्तम असली तरी अनुभवी हात सगळीकडे मिळत नाहीत, आणि या खुणा वाचायला सवय लागते.

नववा महिना: प्रसिद्ध मिलिमीटर

आता ती खपाऊ तपासणी. ३५ ते ३८ आठवड्यांत पिशवीच्या खालच्या भागाची, लोअर सेगमेंटची, जाडी मोजायची आणि त्यावरून नॉर्मलच्या प्रयत्नात व्रण उकलण्याचा धोका ताडायचा. हा खालचा भाग साधारण २८व्या आठवड्यापासून पुढे ताणून पातळ व्हायला लागतो. म्हणून पाचव्या महिन्यात 'स्कार ४.८' आणि नवव्यात 'स्कार २.६' आलं याचा अर्थ टाके झिजले असा होत नाही. कधीच सिझर न झालेल्या बाईचाही हा भाग शेवटी पातळच होतो. शिवाय या वेळेपर्यंत व्रण म्हणून वेगळी रेघ बहुधा दिसतही नाही. मोजला जातो तो त्या भागातला सगळ्यात पातळ ठिपका.

पडद्यावर ते असं दिसतं: वर मूत्राशयाची काळी पोकळी, तिच्याखाली मूत्राशयाच्या भिंतीची पांढरी रेघ, मग राखाडी-काळी बारीक पट्टी म्हणजे स्नायू, मग आतल्या आवरणाची पांढरी रेघ, आणि खाली काळं गर्भजल किंवा बाळाच्या डोक्याची चकाकती कमान. लघवी आणि मूत्राशयाची भिंत जिथे भेटतात तिथपासून गर्भजलापर्यंत मोजलं तर ती पूर्ण जाडी. नुसती मधली राखाडी पट्टी मोजली तर ती स्नायूची जाडी. एकाच बाईची, एकाच मिनिटातली पूर्ण जाडी ३.४ आणि स्नायूची १.८ येऊ शकते. दोन्ही बरोबर. रिपोर्टात 'स्कार थिकनेस १.८' एवढंच छापलं, आणि वाचणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण जाडीची रेघ असली, की सिझर ठरलं!

मोजण्यातल्या बाकीच्या चुका मूत्राशयापासून सुरू होतात. रिसेप्शनवर 'भरपूर पाणी प्या, लघवी रोखून ठेवा' सांगतात आणि मग दीड तास बाकड्यावर बसवतात. तट्ट फुगलेलं मूत्राशय खालच्या भागाला दाबून ताणतं आणि जाडी कमी दाखवतं. अगदी रिकामं असेल तर पोटावरून सीमाच दिसत नाही. मध्यम भरलेलं हवं: पाऊण तास आधी दोन-तीन पेले पाणी पुरतं. नंबर लांबला आणि लघवी रोखवेना तर थोडी लघवी करून यावी, सगळी नाही. मग येते पिशवीची कळ. पोट मधूनच कडक होतं, त्या क्षणी तोच भाग एकदम जाड दिसतो. दहा-पंधरा मिनिटं थांबून पुन्हा मोजायचं असतं, पण बाहेर रांग असते. प्रोब तिरका पडला तर जाडी वाढते, पोटावर जोरात रोवला तर कमी होते. चित्र पुरेसं मोठं केलेलं नसेल तर मोजणीची फुली रेघेवर आहे की रेघेच्या पलीकडे हेच कळत नाही, आणि मिलिमीटरच्या दहाव्या भागाचे खेळ खेळताना फुलीची जाडीसुद्धा महत्त्वाची. आपला एक रुपयाचा नवा शिक्का साधारण दीड मिलिमीटर जाड असतो. त्याच्या निम्म्याएवढा फरक दोन डॉक्टरांच्या मोजणीत सहज पडतो.

नीट केलेली तपासणी अशी: आधी पोटावरून उभ्या मध्यरेषेत, गर्भाशयमुखाची नळी, मूत्राशय आणि बाळाचं डोकं एका चौकटीत, मग प्रोब डावी-उजवीकडे सरकवत सगळ्यात पातळ जागा शोधणं, कारण ती मधोमधच असते असं नाही, मग खालून. चित्र मोठं करून कमीत कमी तीन मोजण्या आणि त्यातली सर्वात कमी रिपोर्टात. वार पुढे असेल तर तसं लिहिणं. पंधरा-वीस मिनिटं लागतात. तीन मिनिटांत उरकलेल्या 'ग्रोथ स्कॅन'च्या शेपटाला जोडलेला आकडा म्हणजे ही तपासणी नव्हे. रंगीत फोर-डी पॅकेज घेतलं तर जाडी जास्त अचूक येते असंही नाही. तो बाळाच्या फोटोचा खर्च. दर आठवड्याला पुन्हा मोजण्यातही अर्थ नाही, कारण २.८ चं २.५ झालं ते पोटात झालं की मोजणाऱ्या हातात, हे सांगता येत नाही.

बरं, आकडा अगदी नीट आला, तर त्याचं करायचं काय? या विषयातला पायाभूत अभ्यास फ्रान्सचा, १९९६ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला. ६४२ बायका, ३६ ते ३८ आठवडे, पूर्ण जाडी. ज्यांची ३.५ मिमीपेक्षा जास्त भरली त्या ४५५ जणींपैकी फक्त तिघींचा व्रण सदोष निघाला. ज्यांची ३.५ किंवा त्याहून कमी होती त्या १८७ पैकी बावीस जणींचा. पहिलं वाक्य मोठा दिलासा देतं. दुसरं उलटं वाचायला हवं: 'पातळ' शिक्का बसलेल्या १८७ पैकी १६५ जणींचा व्रण धड होता. म्हणजे जाड आलं तर निर्धास्त व्हायला ही तपासणी चांगली, पातळ आलं तर घाबरायला तितकी चांगली नाही. आणि ३.५ हीसुद्धा दगडावरची रेघ नव्हे. कॅनडातल्या क्यूबेकच्या संशोधकांनी पूर्ण जाडीसाठीच २.३ ही हद्द पुढे केली. पुढे फ्रान्समध्येच सुमारे तीन हजार बायकांच्या चाचणीत निम्म्यांची जाडी मोजली, निम्म्यांची नाही. आई-बाळाच्या गंभीर गुंतागुंतीत ठाम म्हणता येईल असा फरक निघाला नाही. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांतही ही मोजणी सर्रास करण्याचा आग्रह नाही.

तिथल्याच सूचनांनुसार एका आडव्या छेदाच्या सिझरनंतर नॉर्मलचा प्रयत्न केला तर पिशवी फाटण्याचा धोका साधारण दोनशेत एक, आणि प्रयत्न यशस्वी होण्याचं प्रमाण ७२ ते ७५ टक्के. आधी एखादी नॉर्मल झालेली असेल तर ते आणखी चढतं. कृत्रिम कळा दिल्या तर धोका दुप्पट-तिप्पट. दोन बाळंतपणांत अंतर फार कमी असेल तरी वाढतो. या सगळ्याच्या जोडीला जाडीचा आकडा ठेवला तर तो कामाचा आहे. एकटाच न्यायाधीश म्हणून बसवला तर नाही. पिशवी फाटू लागल्याची पहिली खूण बहुतेक वेळा बाळाच्या ठोक्यांत दिसते, म्हणून कळांमध्ये सतत ठोके पाहणारं यंत्र, तयार ऑपरेशन थिएटर, भूलतज्ज्ञ आणि रक्त यांचा प्रश्न आकड्यापेक्षा मोठा आहे. ज्या दवाखान्यात रात्री भूलतज्ज्ञ नसतो, त्याने नॉर्मलला नाही म्हणणं रास्त आहे. पण मग कारण भूलतज्ज्ञाचं सांगावं, टाक्यांचं नको.

नवव्या महिन्याच्या मोजणीला पाचपैकी अडीच. नॉर्मलचा प्रयत्न करायचाच असेल आणि डॉक्टरही तयार असतील तर जरूर करावी. काहीही झालं तरी सिझरच ठरलेलं असेल तर वेगळे पैसे देऊन नुसती जाडी मोजण्यात हशील नाही. वारेची जागा आणि बाळाची वाढ पाहिली की पुरे.

कागदपत्रं आणि खर्च

गरोदरपणातल्या कुठल्याही सोनोग्राफीला पीसीपीएनडीटी कायदा (गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा) लागू. ओळखपत्र, डॉक्टरांची चिठ्ठी आणि फॉर्म एफ लागतातच, आणि सोनोग्राफी कुठल्या कारणांसाठी करता येते त्यांची यादी त्या फॉर्मवर छापलेली असते. आधीच्या सिझरच्या व्रणाची तपासणी हे त्या यादीत स्वतंत्र कारण आहे, वार असाधारण चिकटली आहे का हे पाहणंही आहे. त्यामुळे चिठ्ठीवर नुसतं 'यूएसजी' (सोनोग्राफी) असेल तर डॉक्टरांकडून नेमकं कारण लिहून आणावं. त्याने रेडिओलॉजिस्टलाही कळतं की आज पाहायचं काय. सरकारी दवाखान्यात जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली गरोदर बाईची सोनोग्राफी मोफत असते, आणि दर महिन्याच्या ९ तारखेच्या मातृत्व अभियानात तज्ज्ञांकडून तपासणी होते. सहाव्या आठवड्याची टीव्हीएस मात्र ९ तारखेची वाट पाहत ठेवू नये.

बिल देण्याआधी रिपोर्टावर एक नजर टाकावी. नवव्या महिन्याचा असेल तर जाडीच्या ओळीत एवढं हवं: 'लोअर सेगमेंट पूर्ण जाडी ३.१ मिमी, स्नायू १.९ मिमी, तीनपैकी किमान, टीव्हीएस, मूत्राशय अर्धवट भरलेलं, कळ नसताना, ३६ आठवडे ४ दिवस.' आणि फुल्या मारलेलं मोठं केलेलं चित्र सोबत. चित्र नसेल तर मागून घ्यावं. मशीनमध्ये ते साठवलेलं असतं, प्रिंट काढायला मिनिटभर लागतं.